सर, गुरुजी आणि हलगीवाला

तर मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचं आहे. आणि भांडण तुमच्याशीच आहे, म्हणजे आपल्यासारख्यांशीच. पुण्यात नाहीतर बंगळुरात नोकरी, गावाकडं घर, सोमवार ते शुक्रवार क्लायंटपुढं माना डोलवायच्या आणि शनिवारी सकाळी चहा पिताना अचानक 'आयुष्यात एखादी कला पाहिजे राव' असा साक्षात्कार व्हायचा, ही आपली जमात. मग आपण स्वतःसाठी किंवा पोराबाळांसाठी ड्रम्सचा, तबल्याचा क्लास शोधायला लागतो. दोन-तीन महिन्यांत तो सुटतो. मग आपण म्हणतो, 'चांगले शिक्षकच राहिले नाहीत हो आता.'

हे साफ खोटं आहे. शिक्षक आहेत. पण शिक्षक कुणाला म्हणायचं हे आपण शोधायला निघायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि ते ठरवताना कान वापरलेले नसतात, जात वापरलेली असते.

राग आला? हरकत नाही. राग आलेला माणूस जास्त लक्ष देऊन वाचतो.

आधी निमित्त सांगतो. माझा भाचा अकरा वर्षांचा, राहतो मुरगूडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कागल तालुक्यातलं, वेदगंगेच्या काठचं गाव. एका अंगाला निपाणी, दुसऱ्या अंगाला आदमापूर आणि चहूबाजूंनी ऊस. नगरपरिषद आहे म्हणून शहर म्हणायचं, बाकी सगळा कारभार गावाचा. तर हा भाचा दिसेल त्यावर ताल धरतो. ताट, डबा, दप्तर, बापाच्या मोटरसायकलची टाकी. ताईचा फोन आला, "तुझ्या ओळखीत कोण चांगले सर असले तर बघ की. मी सगळीकडं विचारलो, कोण मिळंना." (आमच्या भागात बायकाही 'विचारलो, आलो, गेलो'च म्हणतात. पुणेकरांनी व्याकरण सुधारायला येऊ नये. :-) )

अस्मादिकांनी मग हापिसात खरेदी करताना मागवतात तशी तीन कोटेशन्स गोळा केली.

पहिलं, शहरातली एक ड्रम अकादमी. नाव घेत नाही. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर परदेशी ड्रमर लोकांचे फोटो. महिन्याला चार तास, साडेतीन हजार रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. ग्रेड किती, परीक्षा कधी, सर्टिफिकेट कुठल्या बोर्डाचं, वार्षिक कार्यक्रमात पोराला स्टेजवर किती मिनिटं मिळणार, हे सगळं काउंटरवरच्या मुलीनं घडाघडा सांगितलं. मी विचारलं, "शिकवणार कोण?" ती म्हणाली, "फॅकल्टी अव्हेलेबल असेल तशी अलॉट होते." म्हणजे आमच्या कंपनीत बेंचवरचा माणूस उचलून प्रोजेक्टवर टाकतात, तसंच!

दुसरं, ऑनलाईन. शिक्षक बरे वाटले. पण पोराचं तोंड दिसलं तर हात दिसेनात आणि हात दिसले तर तोंड दिसेना. त्यात आवाज पोचायला उशीर. गाण्याच्या किंवा गणिताच्या शिकवणीत हा उशीर चालून जातो. तालाच्या शिकवणीत गुरू आणि चेला एका वेळी, एका ठेक्यात वाजवूच शकत नसतील तर ती शिकवणी कसली? ते पत्रव्यवहारानं पोहायला शिकणं झालं.

तिसरा, तबल्याचा एक क्लास. एका खोलीत वीस-बावीस पोरं, परीक्षेत येणारे तेवढेच कायदे, आणि बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या पालकांचा एकच प्रश्न: दहावीला वाढीव मार्क मिळतात ना नक्की?

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. माझ्या भाच्याला कुणीही 'जरा वाजवून दाखव बघू' म्हटलं नाही. आणि आम्हालाही कुणी वाजवून दाखवलं नाही. आपल्या धंद्यात दोन वर्षांच्या अनुभवाचं पोरगं घेतानाही आपण त्याला समोर बसवून कोड लिहायला लावतो. रेझ्युमेवरच्या सर्टिफिकेटांकडं बघून आपण गालातल्या गालात हसतो. मग पोराच्या संगीताच्या बाबतीत त्याच सर्टिफिकेटापुढं आपण लोटांगण का घालतो?

आता मुद्द्यावर येतो. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर साठीच्या घरातले एक हलगीवादक राहतात. कुस्तीच्या मैदानात, यात्रेत, वरातीत वाजवतात. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. आमच्या घरातल्या लग्नांत ते वाजवून गेलेत. ताईला माहीत, दाजींना माहीत, अख्ख्या गल्लीला माहीत. पण 'सगळीकडं विचारलो' यातल्या 'सगळीकडं'मध्ये त्यांचं घर नव्हतं.

मी ताईला म्हटलं, त्यांच्याकडं घालूया पोराला. फोनवर शांतता. मग दाजींनी फोन घेतला.

"काय पाव्हणं, पोरगं काय वरातीफुडं वाजवणार हाय काय?"

"ड्रम शिकून कुठं वाजवणार होतं?"

"ते येगळं."

ते वेगळं कसं, हे दाजींना सांगता आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा.

माझ्या मते ते वेगळेपण आपल्या भाषेतच बसलंय. तबला वाजवणारा तबलावादक, पखवाज वाजवणारा पखवाजवादक, पण हलगी वाजवणारा हलगीवाला आणि ढोल वाजवणारा ढोलवाला. जसा भाजीवाला, भंगारवाला. तबल्याच्या सरांना आपण फी देतो, मोठे असतील तर मानधन आणि अगदीच भारावलो तर गुरुदक्षिणा. हलगीवाल्याला सुपारी. सर पंचविशीतले असले तरी 'अहो सर'. हलगीवाला साठीचा असला तरी कालचं मिसरूड फुटलेलं पोरगं त्याला 'ए, जरा जोरात वाजीव की' म्हणतं. या शब्दांत वाद्याची प्रतवारी कुठंच नाही. प्रतवारी आहे ती माणसाची. आमच्याकडं हलगी वाजवणारी घरं बहुतेक मातंग समाजातली, कुठं महार, कुठं होलार. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

आता हलगी म्हणजे 'नुसता कडकडाट' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं. लाकडाचं किंवा धातूचं कडं, त्यावर एका बाजूनं ताणलेलं कातडं, एका हातात जाड टिपरी आणि दुसऱ्या हातात बारीक, लवचीक काडी. जाड टिपरी ठोका देते, बारीक काडी मधल्या जागा भरते. म्हणजे दोन हातांची दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या वजनांची. ड्रम शिकणाऱ्याला पहिल्या वर्षात हेच जमत नसतं. थंडीत, दमट हवेत कातडं सैलावतं, म्हणून आधी पालापाचोळा नाहीतर कागद पेटवून हलगी शेकायची आणि टिचकी मारून कान लावून बघायचं. सूर चढला का, की अजून थोडी धग पाहिजे. साउंडचेक म्हणतो ना आपण, तोच.

आणि कुस्तीच्या मैदानातली हलगी कधी नीट बघितलीय का? कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ सालापासून तिथं कुस्त्या चालू आहेत. तिथं असो नाहीतर गावच्या यात्रेतल्या मैदानात, हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणारे कुस्तीकडं पाठ करून वाजवत नाहीत. डोळे पैलवानांवर. नुसती खडाखडी चालली असेल तर हलगी सावकाश, दम धरून. एकानं पट काढला की लय चढली. चितपट होणार असं दिसलं की कडकडाट. समोर काय होणार आहे ते क्षणभर आधी ओळखून त्यानुसार लय बदलायची, यालाच बैठकीत साथसंगत म्हणतात आणि त्याचं कौतुक करून आपण 'क्या बात है' म्हणतो. मैदानात तेच चालतं तेव्हा आपण भेळ खात असतो.

हलगीच कशाला? मुरगूडच्या शेजारी आदमापूरला बाळूमामांचं देऊळ आहे. अमावस्येला तिथं उभं राहून धनगरी ढोल ऐका. ढोल आणि कैताळ घेऊन माणसं गोल फिरत असतात, पाय एका लयीत, हात दुसऱ्या, आणि सगळ्यांचा ठेका एकत्र येतो तेव्हा पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. हे कुठून शिकले? बापाकडून, चुलत्याकडून, मागं उभं राहून. म्हणजे शिकवणारे आहेत, शिकवण्याची रीत आहे, तपासणीही आहे, कारण चुकलं तर शेजारचा तिथंच डोळे वटारतो. नाही ते फक्त बोर्ड आणि पावती-पुस्तक.

आता मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गाणं लांबून शिकवता येतं. भिंतीपलीकडून ऐकून शिकलेल्यांच्या गोष्टी आपण सांगतोच. तालवाद्य मात्र स्पर्शाशिवाय शिकवता येत नाही. मनगट आवळलेलं आहे की मोकळं, टिपरी कुठल्या बोटांत तोलायची, खांद्याची ताकद कुठं सोडायची आणि कुठं धरायची, हे सांगून कळत नाही. गुरूला चेल्याचा हात हातात घ्यावा लागतो. मांडीला मांडी लावून बसावं लागतं. आणि आपल्या गावांनी नेमकी हीच गोष्ट शेकडो वर्षं बंद ठेवली होती. ज्याच्या हाताला शिवायचं नाही त्याच्याकडून हात कसा घडवून घेणार? त्यामुळं एवढं मोठं ज्ञान गावात असून गावाला मिळालं नाही, आणि मग गावानंच ठरवलं की ते ज्ञानच नव्हे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

त्यात गंमत बघा. तबला काय, मृदंग काय, सगळ्याला कातडंच लागतं. दिवसभर कातड्यावर बोटं फिरवणारा वादक व्यासपीठावर आणि ते कातडं कमावून, ताणून, सुरात आणून देणारा कारागीर बाहेर. टी. एम. कृष्णा या गायकानं मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' नावाचं पुस्तक लिहिलं. २०२० साली त्याचं प्रकाशन चेन्नईच्या कलाक्षेत्रात व्हायचं होतं, संस्थेनं ऐनवेळी परवानगी काढून घेतली. पुस्तक निघालंच, दुसरीकडं निघालं. पण नुसत्या 'कातडं कुणी कमावलं' या प्रश्नानं एवढ्या मोठ्या संस्थेला घाम फुटतो, यावरून काय ते समजा.

आता तुम्ही म्हणाल, 'तबला ही शास्त्रीय कला आहे हो, तिची गोष्ट वेगळी.' बरं. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीर हुसेन गेले तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाच्या स्टेटसवर त्यांचा फोटो होता. माझ्याही होता. पण याच तबल्याला आपल्या पणजोबांच्या काळात काय मान होता? वाजवणाऱ्याला 'तबलजी' म्हणायचे, आणि म्हणताना नाक मुरडायचे. कोठीवर नाचगाण्याला साथ करणारा माणूस, सभ्य घरातल्या मुलानं त्याच्या वाऱ्याला उभं राहू नये. अहमदजान थिरकवाँसारखा माणूस बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत तबल्याला होता. त्याच थिरकवाँसाहेबांना १९७० साली पद्मभूषण मिळालं. एका माणसाच्या आयुष्यात 'तबलजी'चा 'उस्ताद' झाला. तबल्याचं कातडं तेच होतं, शाई तीच होती, बोल तेच होते. बदलले ते ऐकणारे.

आमच्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या थोर शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. दोघीही गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या, म्हणजे ज्या घरांत सभ्य लोक गाणं ऐकायला जायचे पण ज्यांना आपल्या घरात पंगतीला बसवत नसत, त्या घरांतल्या. आज त्यांच्या नावानं आपण कानाची पाळी पकडतो. विद्या आधीपासूनच होती. मान नंतर आला. नेहमी हाच क्रम असतो, आणि मधल्या काळात जे लोक मान येण्याची वाट बघत बसतात त्यांचं शिकायचं राहून जातं.

बरं, देशी नको? विलायती घ्या. ज्या ड्रम किटच्या लंडनच्या ग्रेड परीक्षांना आपण पोरं बसवतो ते किट काही कुठल्या राजवाड्यात जन्मलं नाही. न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावरच्या मिरवणुकांत बास ड्रम एकाच्या गळ्यात आणि स्नेअर दुसऱ्याच्या गळ्यात असायचा. नाचाच्या हॉलमध्ये दोघांना जागा आणि पैसे कोण देणार, म्हणून एकाच माणसानं दोन्ही वाजवायची युक्ती निघाली. १९०९ साली लुडविग बंधूंचं पायानं वाजवायचं पेडल आलं आणि ही युक्ती पक्की झाली. बेबी डॉड्ससारख्या कृष्णवर्णीय वादकांनी त्यातून एक अख्खी वादनशैली उभी केली, ज्या काळात त्यांच्याच देशातले प्रतिष्ठित लोक या संगीताला गोंगाट म्हणत होते. म्हणजे साडेतीन हजार रुपये भरून आपण जे शिकतो तेही वरातीचंच वाद्य आहे, दाजी! फक्त वरात दुसऱ्याच्या गावची आहे.

पुण्यातल्या मंडळींना अजून जवळचं उदाहरण. दरवर्षी गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. त्यात आपल्याच हापिसातली निम्मी पोरं-पोरी असतात, आणि छान वाजवतात. पूर्वी या मिरवणुकीत आसपासच्या खेड्यांतली पथकं सुपारी घेऊन यायची. तोच ढोल गळ्यात पांढरा कुर्ता घातलेल्या इंजिनिअरच्या आला आणि त्याची 'संस्कृती' झाली. मला पथकांबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच आहे की आपण ढोल घेतला, ताशा घेतला, ठेके घेतले, मग ज्यांच्याकडून ते आले त्यांना गुरू म्हणून का नाही घेतलं?

आता एक आक्षेप, जो मला खरोखर वजनदार वाटतो. एका मित्रानं तो घेतला, आणि तो त्याच समाजातला आहे म्हणून त्याला तो घ्यायचा पूर्ण हक्क आहे. तो म्हणाला, "तुम्हा लोकांना आता हलगीचा पुळका आलाय. आमच्या आज्यानं ती मुद्दाम खाली ठेवली. परत हातात द्यायला निघालास काय?"

याचं उत्तर फुकाफुकी देता येत नाही. हलगी ही कित्येक घरांसाठी कला नव्हती, सक्ती होती. गावकीची कामं म्हणजे मेलेली जनावरं ओढायची, सांगावे पोचवायचे आणि बोलावलं की रात्री-अपरात्री वाजवायला यायचं. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१८ साली महार वतनं रद्द केली, मुंबई राज्यात तसा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेक घरांनी ही वाद्यं ठरवून सोडली, आणि ती सोडणं हे वाजवण्याइतकंच मोठं काम होतं. त्यामुळं 'तुमच्या पोरांनी हलगी जपली पाहिजे, परंपरा आहे' असं कुणी म्हणत असेल तर मी मित्राच्या बाजूनं उभा राहीन. त्यांच्या पोरांनी इंजिनिअर व्हावं, कलेक्टर व्हावं, वाटलं तर व्हायोलिन शिकावं.

माझं म्हणणं उलट्या दिशेनं आहे. त्यांच्या पोरांनी वाजवलं पाहिजे असं मी म्हणत नाही. आपल्या पोरांनी त्यांच्यापुढं बसून शिकलं पाहिजे असं म्हणतो. ज्यांनी आपल्या मर्जीनं वाद्य हातात ठेवलंय आणि ज्यांना शिकवायचंय, त्यांच्याकडं, त्यांच्या अटींवर, त्यांनी सांगितलेल्या फीवर. सक्तीत माणूस हुकूम ऐकतो. शिकवताना तो हुकूम देतो. हा फरक लहान नाही. तमिळनाडूत परई या वाद्याची अशीच अवहेलना होती. मदुराईकडचे परई वादक वेलू आसान यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावातला 'आसान' म्हणजे तमिळमध्ये गुरू. आपल्याकडं 'हलगीवाला' आणि तिकडं 'आसान'. शब्द बदलता येतात, मंडळी. आपल्या हातात आहे ते.

दुसरा आक्षेप, 'त्यांना शिकवता येईलच कशावरून?' बरोबर आहे! उत्तम वाजवणारा प्रत्येक माणूस उत्तम शिकवतोच असं नाही. हलगीवादकालाही हे लागू आणि तबल्याच्या विशारदालाही. दोघांनाही एकच कसोटी लावा एवढंच मागणं आहे. माझ्या कसोट्या या, घ्या आणि वापरा:

एक, पहिल्या भेटीत ते पोराचं ऐकतात का? आधी पावती फाडतात की आधी वाजवायला सांगतात?

दोन, ते स्वतः पोराबरोबर वाजवतात का? समोर बसून नुसतं 'हं, पुढं' म्हणणारा माणूस नको.

तीन, वाजवण्याआधी तोंडानं म्हणायला लावतात का? जे तोंडात नाही ते हातात येत नाही, हे तालातलं सगळ्यात जुनं शहाणपण.

चार, ते 'नाही' म्हणतात का? 'हे अजून जमलं नाही, पुढचं मिळणार नाही' असं सांगणारा माणूस फीवर पाणी सोडायला तयार असतो. तोच धरा. आपल्या धंद्यात चांगला सिनिअर तोच, जो तुमचा कोड तीनदा परत पाठवतो. बाकी माहिती काय, जालावर भरपूर पडलीय.

पाच, त्यांचं नका ऐकू, त्यांच्या शिष्याचं ऐका. शिक्षकाचा खरा रेझ्युमे तोच.

यात जातीचा, एसीचा आणि सर्टिफिकेटाचा प्रश्न कुठं आला?

असो. मुरगूडचं काय झालं ते सांगतो. मी सुट्टीला गेलो तेव्हा भाच्याला घेऊन त्यांच्याकडं गेलो. शिकवाल का विचारलं. ते हसले. "आमच्याकडं लोक सुपारी द्याला येत्यात, सायेब. शिकाय कोण येतंय?" मी अकादमीचाच दर सांगितला. ते म्हणाले, पैशाचं बघू, आधी पोरगं बघू. भाच्याला म्हणाले, "वाजीव रं." त्यानं पत्र्याच्या डब्यावर पाच मिनिटं वाजवलं. त्यांनी मध्येच त्याचं मनगट धरलं, दोनदा झटकलं, म्हणाले, "हे सोड. लाकूड झालंय तुझं. आता वाजीव." आणि आवाज बदलला. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळला. तीन कोटेशन्समध्ये जे झालं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. 'तास किती?' विचारलं तर म्हणाले, "तास कसला? यायचं, बसायचं, जमलं की जायचं."

दर ठरला, दर महिन्याच्या एक तारखेला जातो. पहिले दोन महिने हलगीला हात लावू दिला नाही. पोत्यावर टिपरी, आणि सर पिराजीराव तलावाच्या बाजूनं चालताना पावलांवर ठेका मोजायचा. दाजी अजून कुरकुरतात. त्यांची अट होती की गुरुजींनी आमच्या घरी यावं. मी म्हटलं, जमायचं नाही. शिकायचं असेल त्यानं जायचं. खरी मेख इथंच होती. हलगी शिकण्याला दाजींचा जेवढा विरोध होता त्यापेक्षा जास्त विरोध त्या गल्लीत जाऊन, त्या घरात बसून, तिथला चहा पिण्याला होता. पोराला तसला काही प्रॉब्लेम नव्हता. त्याला तिथं चहाबरोबर बटर मिळतात, आमच्या घरी नुसती बिस्किटं.

आणि भाचा त्यांना काय हाक मारतो? पहिल्या दिवशी 'ओ' म्हणाला, दुसऱ्या आठवड्यात 'मामा', आता 'गुरुजी'. कुणी शिकवलं नाही. हात घडायला लागला की तोंडाला आपोआप वळण लागतं.

उद्या हा पोरगा तबला शिकेल, ड्रम शिकेल, नाहीतर सगळं सोडून क्रिकेट खेळेल. काहीही करू दे. त्याची लय पक्की होतेय, आणि कुणापुढं बसून शिकायचं हे कानानं ठरवायचं असतं, एवढं त्याला अकराव्या वर्षी कळतंय. बहुतेकांना ते साठाव्या वर्षीही कळत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक करा. क्लास शोधायला फोन काढायच्या आधी गावात विचारा, इथं सगळ्यात चांगलं कोण वाजवतं? नाव कळलं की त्यांच्या दारात जा. 'अहो' म्हणा. दर विचारा, घासाघीस करू नका. चहा दिला तर प्या. आणि पोराला म्हणा, बस पुढं.

हे जमणार नसेल तर खुशाल अकादमीत पैसे भरा. पण मग 'चांगला शिक्षक मिळत नाही' एवढं मात्र पुन्हा माझ्यापुढं म्हणू नका.